होळीनंतर दरवर्षी पीसी पडतो: हिवाळ्यात पास झालेली ओव्हरक्लॉक रॅम उन्हाळ्यात नापास का होते

होळी झाली की माझा पीसी आजारी पडायचा आणि मृगाचा पाऊस पडला की आपोआप बरा व्हायचा. सलग तीन वर्षं हेच. मी अमळनेरला लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. म्हणजे नेमकी ज्या दोन महिन्यांत कामाची झोड उठते, त्याच दोन महिन्यांत मशीन दगा द्यायचं. यंदा कारण सापडलं. आपल्याकडे जळगाव, धुळे, भुसावळ भागात अजून कोणाचं असंच होत असेल तर त्याचे तीन उन्हाळे वाचावेत म्हणून सविस्तर लिहितोय.

लक्षणं

दुपारी साधारण एक ते पाचच्या दरम्यान निळा स्क्रीन. त्यावरचा संदेश दर वेळी वेगळा. आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, परवा पेज फॉल्ट. मधूनच एखादी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइल खराब असल्याची तक्रार), आणि तीच फाइल रात्री निमूट उघडते. एकदा तर हळदीच्या व्हिडिओत एक फ्रेम पूर्ण हिरवी निघाली. मी ती पाहिलीच नव्हती, नवरीच्या भावाने दाखवली.

संदेश बदलत राहतो ही खूण तेव्हाच ओळखायला हवी होती. ड्रायव्हर बिघडला तर बहुतेक वेळा त्याच ड्रायव्हरचं नाव पुन्हा पुन्हा येतं. रॅममधला एखादा बिट उलटला तर त्या क्षणी त्या जागेवर जो बसलेला असेल त्याचा बळी जातो, म्हणून नाव रोज नवं.

मशीन

इंटेल आय५-१२६००के, बी६६० चिपसेटचा डीडीआर४ बोर्ड, १६ जीबीच्या दोन पट्ट्या. पट्ट्या जुन्या, हातफेरीच्या घेतलेल्या. वेग ३२००, टायमिंग १४-१४-१४-३४ (रॅम किती टिकमध्ये उत्तर देते ते; आकडा लहान तेवढी चपळ), १.३५ व्होल्ट. हे आकडे दिसले की जाणकार लगेच म्हणतात, सॅमसंगची बी-डाय चिप. ही चिप व्होल्टेज वाढवलं की वर चढते, म्हणून ओव्हरक्लॉकवाल्यांची, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेग काढणाऱ्यांची, लाडकी. पण टायमिंग आवळून बसवले की उष्णतेला हळवी, हेही तितकंच प्रसिद्ध आहे. मी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं, दुसरं विसरलो.

डिसेंबरच्या थंडीत रात्री जागून मी त्या ३६०० वर नेल्या. १४-१५-१५-३५, १.४५ व्होल्ट, टीआरएफसी २८८ आणि टीरेफी थेट ६५५३५ (हे दोन काय ते पुढे सांगतो). बाहेर बारा अंश, खोलीत अठरा, कॅबिनेटची बाजू उघडी. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवला, चारही फेऱ्या स्वच्छ. मनात म्हटलं, जमलं. जमलं होतं ते डिसेंबरपुरतं.

तीन वर्षं कुठे भरकटलो

पहिला संशय विजेवर. उन्हाळ्यात दुपारी आमच्या फीडरला व्होल्टेज पडतं, पंख्याच्या वेगावरूनच कळतं. स्टॅबिलायझर लावला, यूपीएस बदलला. पीसी पडायचा तो पडतच राहिला. मग एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलला. मग विंडोज नवं टाकलं, तेही दोनदा. एका दुकानात दाखवलं तर तिथे संध्याकाळी सात वाजता एसीमध्ये तपासलं आणि सांगितलं, "काहीच प्रॉब्लेम नाही भाऊ." त्यांचं काही चुकलं नाही. संध्याकाळी सातला एसीमध्ये खरंच काही प्रॉब्लेम नव्हता.

सगळ्यात जास्त फसवलं ते खोडरबराने. रॅम काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे, पुन्हा बसवायची. हा उपाय आपल्याकडे आजीच्या काढ्यासारखा चालतो. माझ्याकडेही दर वेळी चालला! घासून बसवली की तास-दीड तास पीसी गुण्यागोविंदाने चाले. आता कळतं की गुण रबराचा नव्हता. पीसी बंद करून, बाजू उघडून, पट्ट्या हातात घेऊन मी अर्धा तास घालवत होतो, तेवढ्यात सगळं निवत होतं. पुन्हा तापायला जेवढा वेळ लागे तेवढाच माझा "उपाय" टिके.

आबा झोपाळ्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "उन्हायामा माणूस टिकत नही, हाई डबडं काय टिकी!" निदान त्यांनी पहिल्याच वर्षी केलं होतं. मी हसण्यावारी नेलं, कारण प्रोसेसरचं तापमान मी बघत होतो आणि ते ठीक होतं. रॅमलाही तापमान असतं हे डोक्यातच नव्हतं.

आखाजीची दुपार

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली आणि दोन्ही भाच्यांनी पीसीचा ताबा घेतला. दुपारी अडीच वाजता गेम. मी म्हटलं पडेलच आता. पडला नाही. तास झाला, दीड तास झाला. रबराच्या प्रयोगामुळे कॅबिनेटची बाजू उघडीच होती आणि पोरांनी टेबलफॅन स्वतःकडे वळवला होता. त्याची अर्धी हवा कॅबिनेटमध्ये जात होती.

मग पानं वाढली. आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या. आईने टेबलफॅन उचलून जेवणाऱ्यांकडे फिरवला. मी दुसरी पोळी घेतली नसेल तोवर आतून आवाज आला, "मामा, निळं झालं!"

पोळी तशीच ठेवून उठलो. पोरांना वाटलं रागावतोय.

मोजल्यावर काय दिसलं

एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. पट्टीवर सेन्सर असेल तर त्यात रॅमचं तापमान वेगळं दिसतं. डीडीआर५ च्या पट्ट्यांमध्ये सेन्सर असतोच, डीडीआर४ मध्ये काहींना असतो, काहींना नसतो. माझ्यात होता आणि तीन वर्षं मी तो स्क्रीन खाली सरकवून पाहिला नव्हता.

रात्री, खोली २८ अंश, ग्राफिक्स कार्ड निवांत: रॅम ४१. दुपारी तीन, स्लॅबखालची खोली ३९, गेम चालू, बाजू बंद: रॅम ५७. बाहेर त्या दिवशी ४४ होते. चुका यायला सुरुवात होत होती ५१-५२ च्या आसपास.

ग्राफिक्स कार्ड हा यातला छुपा चोर. त्याचे पंखे गरम हवा वर फेकतात आणि ती थेट रॅमच्या अंगावर जाते. म्हणून दुपारी तीनला नुसतं कटिंग केलं तर पीसी टिकायचा आणि एक्सपोर्ट लावला की पडायचा. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालतो, तेव्हा ग्राफिक्स कार्ड थंड पडलेलं असतं. त्यामुळे त्या टेस्टमध्ये रॅम एवढी तापतच नाही. टेस्ट खोटी नाही, पण ती माझ्या कामाची दुपार तपासत नव्हती.

सेन्सर नसेल तर कोरोनाच्या वेळची कपाळावर धरायची थर्मामीटर गन बऱ्याच घरात पडून असते. तिच्यात पृष्ठभागाचं तापमान मोजायचा मोड असेल तर तो चालेल. मात्र चकचकीत ॲल्युमिनियमच्या हीटस्प्रेडरवर ती चुकीचा, कमी आकडा दाखवते, कारण चकाकता धातू आपली उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, आजूबाजूची परावर्तित करतो. वायरमनची काळी चिकटपट्टी बोटभर चिकटवा आणि तिच्यावर गन धरा. बरीच जवळची माहिती मिळते.

हे होतं का: माठाचं गणित

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर. त्यात भार आहे की नाही यावर एक किंवा शून्य ठरतो. हा कपॅसिटर पाझरतो, अगदी माठासारखा. म्हणून त्यात ठरावीक वेळाने पुन्हा भार भरावा लागतो. याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर४ च्या मानकानुसार ६४ मिलिसेकंदांत ८१९२ वेळा रिफ्रेशचा हुकूम सुटतो, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक. चिप ८५ अंशांच्या वर गेली तर हा काळ निम्म्यावर, ३.९ वर आणायचा असतो. कारण तापलेला माठ जास्त पाझरतो.

बायोसमधला (बोर्डच्या मूळ सेटिंगमधला) टीरेफी म्हणजे माठ किती वेळाने भरायचा. टीआरएफसी म्हणजे एकदा भरायला घेतल्यावर किती वेळ द्यायचा. भरणं चालू असताना तो भाग वाचता येत नाही, म्हणून वेग हवा असणारे टीरेफी वाढवतात आणि टीआरएफसी कमी करतात.

आता माझे आकडे बघा. ३६०० च्या रॅमचं घड्याळ १८०० मेगाहर्ट्झचं असतं. ७.८ मायक्रोसेकंद म्हणजे १४०४० टिक. मी ठेवले होते ६५५३५, म्हणजे ३६.४ मायक्रोसेकंद. जवळपास पावणेपाच पट उशिरा पाणी भरत होतो. वर टीआरएफसी २८८, म्हणजे १६० नॅनोसेकंद. ८ गिगाबिटच्या चिपला मानक देतं ३५० नॅनोसेकंद. थोडक्यात, माठ क्वचित भरायचा आणि तोही घाईघाईत. थंडीत चाललं, कारण पाझर कमी होता. मानकाच्या वेळेवर राहिलो असतो तर ५७ अंश म्हणजे काहीच नाही, ८५ पर्यंत सोय आहे. ती शिल्लक मीच आकड्यांच्या हौसेपायी खाऊन टाकली होती.

काय केलं, कोणत्या क्रमाने

सगळ्यात आधी बायोस डिफॉल्टवर. एक्सएमपी (पट्टीत कंपनीनेच साठवलेली जास्त वेगाची सेटिंग) बंद, रॅम २१३३ वर. त्याच दुपारी, त्याच खोलीत दोन तास टेस्ट. इथेही चूक आली असती तर पट्टी किंवा स्लॉट खराब, ओव्हरक्लॉकचा संबंध नाही. मग एकेक पट्टी प्रोसेसरपासूनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून तपासायची. माझ्याकडे एकही चूक नाही. मग फक्त एक्सएमपी, ३२०० वर. तेही स्वच्छ. म्हणजे पट्ट्या निर्दोष, गुन्हेगार मी.

(पट्ट्या हाताळताना एक जपा. आपल्याकडचा वैशाख कोरडा ठणठणीत असतो, स्थिर वीज पटकन साठते. पीसी बंद करा आणि आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून घ्या. टेरिकॉटचा शर्ट घालून गादीवरून उठून थेट रॅमला हात घालू नका.)

त्यानंतर ३६०० वर परत, आणि एका वेळी एकच आकडा हलवायचा. हा नियम मोडलात तर काय सुधारलं ते कधीच कळत नाही. मी आधी तो मोडून पाहिला होता: घाबरून व्होल्टेज १.४५ वरून १.५० केलं. पहिली चूक पूर्वी ३४ व्या मिनिटाला यायची, ती १९ व्या मिनिटाला आली, आणि रॅम ५७ वरून ६० वर. व्होल्टेज वाढवलं की उष्णता वाढते. इथे आजारच उष्णतेचा, म्हणजे तापात चादर पांघरल्यासारखं झालं.

टीरेफी ऑटो केला, बाकी तेच: अडीच तासांत ५४ अंशांच्या पुढे एक चूक. मोठी सुधारणा, पण पास नाही. आणि रॅममध्ये "एकच चूक" असा काही प्रकार नसतो. टीआरएफसी २८८ वरून ३२४, म्हणजे १८० नॅनोसेकंद: शून्य चुका. तिथे थांबावंसं वाटलं, पण ४४ अंशांच्या दिवसाला पास झालेलं ४६ च्या दिवसाला टिकेलच असं नाही, म्हणून उन्हाळ्यासाठी ३६० केला.

मग मर्यादा कुठे आहे ते बघायची खाज. टीरेफी २८०८० केला तर दोन तास स्वच्छ. ४०००० ला एक तास वीस मिनिटांनी चूक. हे कळायला एक रविवार गेला आणि व्यवहारात त्याचा उपयोग शून्य, पण मजा आली.

शेवटी पंखा. १२० मिलिमीटरचा जुना केस फॅन केबल टायने रॅमच्या वर तिरका बांधला. दिसायला बैलगाडीला आरसा लावल्यासारखं दिसतं. रॅम ५७ वरून ४८ वर आली. नऊ अंश! मी तीन वर्षांत बदललेल्या कोणत्याही पार्टने एवढं काम केलं नाही.

कोणी म्हणेल, डेझर्ट कूलरच कॅबिनेटकडे वळव. करू नका. खोलीत कूलर जरूर चालवा, खोली पाच-सात अंशांनी उतरली की रॅमही उतरते. पण त्याचा झोत थेट मशीनवर नको. गवताचे तुसे, बोअरच्या खारट पाण्याचे तुषार सगळं आत जातं. आणि आमच्याकडे जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाची तूस असते, तिने आधीच पुढची जाळी बुजलेली असते. ती जाळी होळीआधी एकदा ब्लोअरने साफ करा, दोन-तीन अंश तिथेच सुटतात.

टेस्ट कधी आणि कशी

दुपारी दोन ते पाच. बाजू बंद. विंडोजमध्ये टेस्टमेम५, एक्स्ट्रीम प्रोफाइलवर (३२ जीबीला माझ्याकडे दीड-दोन तास लागतात), आणि सोबत ग्राफिक्स कार्ड तापवायला फरमार्क किंवा एखादा गेमचा बेंचमार्क. शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडा ठेवा आणि चूक आली त्या क्षणी रॅम किती अंशांवर होती ते कागदावर लिहा. मला खरं उत्तर दिलं ते त्या कागदाने. चूक येण्याची वेळ रोज वेगळी, पण तापमान ५१ ते ५४ च्या पट्ट्यात.

चूक कधी येते त्यावरून अंदाज बांधता येतो. पहिल्या दोन-चार मिनिटांतच चुकांचा पाऊस पडला तर मुख्य टायमिंग किंवा व्होल्टेज जमलेलं नाही, पंखा लावून उपयोग नाही. अर्धा-पाऊण तास स्वच्छ जाऊन मग सुटी सुटी चूक आली तर उष्णता. टेस्ट तासन्‌तास पास, पण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया (WHEA) नावाच्या हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी साचतायत, तर पट्ट्यांपेक्षा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरकडे बघा, वेग एक पायरी खाली आणा. आणि जानेवारीत पहाटे पीसी दोन-तीनदा चालू-बंद होऊन मगच उठत असेल तर तो मेमरी ट्रेनिंगचा (सुरू होताना बोर्ड रॅमशी ताळमेळ जुळवतो त्याचा) घोळ, उन्हाळ्याच्या दुखण्याशी त्याची गल्लत करू नका. स्क्रीनच येत नसेल तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळपदावर येतात. त्यासाठीचा बोर्डवरचा जंपर सापडत नसेल तर पॉवरची वायर काढून, नाण्यासारखा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवून परत बसवा.

एएमडीच्या एएम४ बोर्डवर टीरेफी बहुतेक वेळा बदलताच येत नाही. तिथे टीआरएफसी आणि व्होल्टेज यांच्याकडेच बघावं लागेल.

टेस्टच्या आधी कामाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क काढून ठेवा. बिघडलेल्या रॅममधून गेलेली कॉपी चुकीची उतरू शकते आणि ती तसं सांगत नाही. मी आता कार्डातून फुटेज उतरवलं की मूळ आणि कॉपी दोन्हींचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) जुळवतो, मगच कार्ड रिकामं करतो. ओव्हरक्लॉक बिघडलेला असताना विंडोजच्या स्वतःच्या फाइलही खराब होऊ शकतात. म्हणून आकडे ठीक झाल्यावर सिस्टिम फाइल चेकर एकदा चालवा. माझ्याकडे त्याने काही फाइल दुरुस्त केल्या.

आता काय चालू आहे

बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह आहेत. "हिवाळा": ३६००, १४-१५-१५-३५, १.४५ व्होल्ट, टीआरएफसी ३२४, टीरेफी २८०८०. "उन्हाळा": ३६००, १६-१६-१६-३६, १.३८ व्होल्ट, टीआरएफसी ३६०, टीरेफी ऑटो. कागदावर फरक वाटतो तो असा: १४ टिक म्हणजे ७.७८ नॅनोसेकंद, १६ म्हणजे ८.८९. लग्नाच्या त्याच प्रोजेक्टचा एक्सपोर्ट दोन्हींवर लावून पाहिला, तर बावीस मिनिटांच्या कामात फरक पडला अर्ध्या मिनिटाचा. ज्या अर्ध्या मिनिटासाठी मी तीन लग्नसराया निळे स्क्रीन बघितले, ते हेच.

उन्हाळा प्रोफाइल आखाजीनंतर लावलं. त्यानंतर ४५ च्या वरचे चार दिवस गेले, सतरा लग्नं एक्सपोर्ट झाली, निळा स्क्रीन एकदाही नाही. भाचे जाताना विचारत होते, पंखा काढणार का. नाही काढणार. फक्त त्याची एक वायर पुढच्या जाळीला घासते आणि कर्रकर्र आवाज येतो, तेवढी बांधायची आहे.